पाळणाघराची मागची खिडकी

कुठलीही संस्था पुढच्या दारातून कळत नाही. पुढच्या दाराला ताजा रंग असतो, कुंडी असते, हसतमुख बाई असते. संस्था कळते ती मागच्या खिडकीतून. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. साप्ताहिकात मी विनोदी सदर लिहीत असे तेव्हा ते दोनदा छापून आलं होतं, दुसऱ्यांदा चुकून. अशा माणसावर दोन नातवंडांसाठी पाळणाघर निवडण्याचं काम यावं हे थोडं कमीपणाचंच होतं, पण घरचं काम म्हणून मी ते पत्करलं.

"माणूस पारखायला मला तीन वाक्यं पुरतात," मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "त्यातलं तिसरं मी सभ्यपणा म्हणून ऐकतो."

"तुम्ही पारखून आणलेला रंगारी," बायको म्हणाली, "जिन्याची दुसरी बाजू रंगवायला अजून यायचाय."

रंगारी हा वेगळा विषय आहे, असं मी तिला सांगितलं.

घरची परिस्थिती अशी होती. माझी मुलगी इस्पितळात एक्स-रे काढते. धाकट्याच्या वेळची तिची रजा संपत आली होती आणि सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. तिच्या जागी जी बदली बसवली होती, तिला ते काम फारच आवडायला लागलं होतं.

"बाबा, तिने माझा कप वापरायला घेतलाय," मुलगी म्हणाली. "आणि साहेब बघतात आणि काही बोलत नाहीत."

मी बऱ्याच कचेऱ्यांतून वावरलो आहे. आधी कप जातो, मग खुर्ची. सोमवारी ती हजर झाली नाही तर खुर्ची गेली असंच धरून चालायचं. जावई जहाजावर असतात. ते अधूनमधून फोनवर दिसतात, तेही अर्धेच. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "मग मी आहेच की घरी," असं मी म्हणालो, तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांना एकदम तहान लागली. पाणी पिऊन झाल्यावर विषय पुन्हा पाळणाघराकडे गेला.

मुलांची ओळख करून देतो. थोरली नात अडीच वर्षांची. तिला आम्ही न्यायाधीश म्हणतो, कारण तिने एकदा निकाल दिला की वर अपील नाही. हिरवी वाटी म्हणजे हिरवी वाटी. धाकटा आठ महिन्यांचा. त्याचं नाव पडलंय तक्क्या. ठेवला तिथे राहतो, टेकवला तसा टेकतो आणि त्याच्याकडे पाहून घरात माणसं आहेत असं वाटतं. दोघांना एकाच ठिकाणी ठेवायचं, ही मुलीची अट. कारण एकीला इथे सोडून दुसऱ्याला तिथे पोचवेपर्यंत इस्पितळातली हाडं आपोआप जुळून गेली असती.

पहिलं पाळणाघर फार शिकलेलं होतं. "आमच्याकडे मूल रडत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या, "ते भावना व्यक्त करतं." आतल्या खोलीत सातआठ भावना एकाच वेळी व्यक्त होत होत्या. एक मूल मेजाखाली शिरून निषेध व्यक्त करत होतं. न्यायाधीशांनी कानांवर हात ठेवले आणि "घरी" असा निकाल दिला.

दुसऱ्या पाळणाघरात कॅमेरे होते. "तुम्ही दिवसभर फोनवर मूल बघू शकता," तिथले व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी मला पडदा दाखवला. पडद्यावर एक लांबलचक व्हरांडा होता आणि एक माणूस तो पुसत होता.

"मुलं कुठे आहेत?" मी विचारलं.

"ती कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसतात. तिथे ऊन येतं."

शिवाय त्यांच्याकडे मूल चालायला लागल्याशिवाय घेत नसत. तक्क्याचा तसा काही विचार दिसत नव्हता.

तिसरं पाळणाघर म्हणजे एका जुन्या बैठ्या शाळेच्या इमारतीत मांडलेल्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला ऑफिसची खोली. संचालिका पूर्वी विमानतळावर सूचना देण्याचं काम करत. त्यांचा आवाज इतका शांत आणि स्पष्ट होता की त्या बोलायला लागल्या की मी नकळत माझी बॅग चाचपली.

"दोनच जागा आहेत," त्या म्हणाल्या. "एक मोठ्यांच्या खोलीत, एक तान्ह्यांच्या. आणखी एक कुटुंब मागतंय. तुमची मुलं उद्या सकाळी आणा. रमली तर दुपारी नक्की करून टाकू. नाही रमली तर त्यांना कळवते."

मग त्यांनी पद्धत सांगितली. पहिल्या सकाळी घरच्या एका माणसाने खोलीत भिंतीजवळ स्टुलावर बसायचं. हाक मारायची नाही, खुणा करायच्या नाहीत. मूल खेळात रमलं की त्याच्याजवळ जाऊन सांगायचं, मी घरी जातो, नंतर न्यायला येतो. आणि जायचं.

"गुपचूप सटकायचं नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता गेलेलं माणूस मूल दिवसभर शोधत बसतं."

"आणि सांगून गेलेलं?"

"ते गेलेलं असतं."

ही तीन वाक्यं झाली होती, पण माझं मत काही बनेना. बाई फारच चांगल्या वाटत होत्या आणि माझ्या धंद्यात हे लक्षण धोक्याचं समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला इस्पितळात नवीन यंत्र शिकायला जायचं होतं. म्हणून स्टूल माझ्याकडे आलं. ती दारातून तीनदा परत आली.

"बाबा, बसायचं, सांगायचं, निघायचं. एवढंच."

"अगं, मी काय पहिल्यांदा—"

"चौथं काही करायचं नाही."

"चौथं मी काय करणार?"

"ते मला माहीत असतं तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली आणि गेली.

स्टूल माझ्या पिढीसाठी केलेलं नव्हतं. बसल्यावर माझे गुडघे माझ्याशी कानगोष्टी करू लागले. न्यायाधीशांनी खोलीवर एक नजर फिरवली, कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीपाशी गेल्या आणि तिथे आधीपासून बसलेल्या दोन मुलांना उठवून स्वतःच्या मनासारखं बसवलं. शेजारच्या खोलीत तक्क्याला चटईवर ठेवला होता. एक ताई त्याला चमच्याने उकडलेला बटाटा भरवत होत्या आणि तो मागे वळून बघायची तसदी घेत नव्हता.

मी वाट पाहिली. नात एकदा तरी माझ्याकडे बघेल, ओठ काढेल, धावत येईल, मी तिला समजावीन, असा माझा अंदाज होता. त्यासाठी मी मोठा रुमाल आणला होता. शेवटी संचालिकांनीच मला मान हलवून खूण केली. मी नातीजवळ जाऊन वाकलो.

"बाळा, आजोबा आता घरी जातात हं. नंतर न्यायला येतील."

"हो," ती वाळू चाळत म्हणाली. "जा."

मी रुमाल न उघडता बाहेर पडलो.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं आणि ह्याच ठिकाणी मी घरी गेलो असतो तर तुम्हाला हे वाचायला मिळालं नसतं. पण फाटकाबाहेर आल्यावर माझ्यातला सदरलेखक जागा झाला. जे दिसलं ते तर पुढच्या दारातून दिसलं. मी बसलो होतो म्हणून बटाटा चमच्याने दिला जात होता. आता मी गेलो आहे असं ह्यांना वाटतंय. आता काय चाललंय? दोन निष्पाप जीव आत, आणि त्यांचा आजोबा निव्वळ शब्द पाळायचा म्हणून घरी जाऊन वर्तमानपत्र वाचणार?

मी वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. मागचं फाटक नुसतं ओढून घेतलेलं होतं. आत झुडपं होती आणि झुडपांच्या मागे, माझ्या सिद्धान्ताप्रमाणे, खिडकी होती.

मधल्या वेळात आत एक बदल झाला होता तो मला कळायला मार्ग नव्हता. सकाळच्या ताई जाऊन दुपारच्या ताई आल्या होत्या. ह्या ताई तरुण होत्या, कामात चोख होत्या आणि त्यांनी मला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. संचालिका त्या वेळी अंगणाच्या टोकाच्या ऑफिसात दुसऱ्या कुटुंबातल्या बाईंना माहिती देत होत्या. त्यामुळे ताईंना जे दिसलं ते असं: झुडपातून एक पांढऱ्या केसांचं डोकं हळूहळू वर येतंय आणि मुलांकडे टक लावून बघतंय.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. टाळी वाजवली, एक गाणं सुरू केलं आणि पडदा ओढला.

आता तुम्हीच सांगा. भर दिवसा, मुलं जागी असताना, पडदा का ओढतात? मी शेजारच्या, तान्ह्यांच्या खोलीच्या खिडकीकडे सरकलो. पोचतो तोच तिथलाही पडदा ओढला गेला. आतली मुलांची कुजबुज लांब लांब जायला लागली आणि कुठेतरी आतल्या बाजूला एक दार बंद झालं. सबंध कारकिर्दीत माझा एकही सिद्धान्त इतक्या लवकर खरा ठरला नव्हता.

वर एक झरोका होता. खाली कपडे धुवायचा टब पालथा पडला होता. मी त्याच्यावर चढलो. प्लास्टिकच्या टबाला माझ्या वयाबद्दल आदर होता, वजनाबद्दल नव्हता. झरोक्यापर्यंत माझे डोळे पोचायच्या बेताला टबाचा तळ आत गेला आणि मी गुडघ्यापर्यंत त्यात उभा राहिलो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर पकडली.

तो मागच्या गल्लीतला लॉन्ड्रीवाला होता. गाणं आणि पडदा ह्याचा अर्थ काय, हे पाळणाघराने आजूबाजूच्या दुकानांना सांगून ठेवलेलं होतं. मला तेवढं सांगितलेलं नव्हतं.

"काय बघताय काका?" त्याने विचारलं.

"माझी नातवंडं आहेत आत."

"मग दारातून जायचं."

"दारातून काही कळत नाही," मी म्हणालो आणि माझा सिद्धान्त थोडक्यात सांगायला लागलो. त्याने कॉलर आणखी घट्ट केली. बहुतेक लोकांवर ह्या वाक्याचा परिणाम वेगळा होतो.

मागच्या दाराला काच होती. ताई काचेच्या आत उभ्या राहिल्या, एक हात कडीवर ठेवून.

"मी आजोबा आहे," मी बाहेरून सांगितलं.

"कुणाचे?"

"वाळूच्या पेटीजवळ नवीन मुलगी आहे ना, तिचे. आणि बटाटा खाणाऱ्या बाळाचे."

"तिचे आजोबा मघाशीच गेले. सकाळच्या ताई सांगून गेल्यात मला."

"गेलो होतो. परत आलो."

"का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण लॉन्ड्रीवाल्याने ते एकदा ऐकलेलं असल्यामुळे मी त्याऐवजी एक पाय टबाबाहेर काढला. ताईंनी आत जाऊन न्यायाधीशांना हाताला धरून काचेपाशी आणलं. त्यांच्या दुसऱ्या हातात वाळूची बादली होती.

"हे बघ, बाहेर कोण आहे? तुझे आजोबा आहेत का गं हे?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. केसांत पानं, एक पाय टबात, कॉलरला लॉन्ड्री. मी जमेल तेवढं आजोबांसारखं हसलो.

"नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "आजोबा घरी गेले."

"अगं, मीच तो!"

"आजोबा सांगून गेले," त्यांनी ताईंना नीट समजावलं आणि बादली घेऊन परत आत गेल्या.

लॉन्ड्रीवाला ताईंकडे वळला. "पोलिसांना बोलवू का ताई?" त्याने विचारलं, "का बाईंना?"

बाईंना बोलावलं, हे माझं नशीब. संचालिका आल्या. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या कुटुंबातल्या त्या बाईही आल्या. संचालिकांनी मला, टबाला आणि कॉलरला एकदा पाहिलं.

"सोडा त्यांना," त्या लॉन्ड्रीवाल्याला म्हणाल्या. "ओळखीचे आहेत. आभारी आहे मी." मग मला म्हणाल्या, "आजोबा, आधी पाय बाहेर काढा."

मला वाटलं, आता पाहुण्या बाई घाबरून निघून जातील आणि माझ्या गोंधळाचा निदान एवढा तरी उपयोग होईल. झालं भलतंच. बाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे बाहेर कुणी आलं की तुम्ही लगेच हे सगळं करता? पडदे, गाणं, मुलं आत?"

"हो."

"आणि एकही मूल रडलं नाही?"

"गाणं त्यांच्या आवडीचं आहे."

"मला दोन्ही जागा हव्यात," बाई म्हणाल्या. "आत्ता. आणखी बघायचंच नाही मला."

मी दोन्ही जागा जवळजवळ हातात आल्यावर स्वतःच्या पायाने, त्यातही टबात घातलेल्या पायाने, दुसऱ्याला ढकलून दिल्या होत्या. डोळ्यांसमोर तो कप आला. बदली बाई त्यातून सावकाश चहा पीत होती.

आम्ही सगळे पुढच्या अंगणात आलो. ताईंनी दरम्यान मुलीला फोन केला होता. इस्पितळ जवळच होतं. ती धावत आली ती एक्स-रेच्या खोलीत घालतात तो शिशाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून. त्या एप्रनचं वजन तक्क्याएवढं तरी असेल. अंगणात पोचल्यावर तिने आधी मुलांची चौकशी केली, मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तीन गोष्टी सांगितल्या होत्या."

"तिन्ही केल्या मी."

"आणि मग?"

"मग वेळ उरला."

ती हसली नाही. तिथेच अंगणाच्या कठड्यावर तो एप्रन सांभाळत बसली आणि संचालिकांना म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी काही बोलणार नाही. पण माझ्याकडे दुसरं ठिकाण नाही, आणि सोमवार पुढे सरकत नाही." आवाज तिने चढवला नव्हता. ती लहानपणी पाटी फुटल्यावर अशीच बसायची. मी विनोदी काहीतरी बोलून तो क्षण हलका करू शकलो असतो. साठसत्तर हलकी वाक्यं माझ्याजवळ कायम तयार असतात. त्या वेळी एकही हाताला लागलं नाही.

"माझी चूक," मी संचालिकांना म्हणालो. "मुलांवर कशाला काढता? मी परत फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही. हवं तर गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन. हवं तर तेही नाही."

संचालिकांनी ताईंकडे बघितलं. "मुलगी काय म्हणाली, पुन्हा सांग."

"म्हणाली, हे आजोबा नाहीत. आजोबा घरी गेले. सांगून गेले. आणि बादली घेऊन गेली खेळायला."

"बरं." त्या पाहुण्या बाईंकडे वळल्या. "ज्यांची सकाळ आधी झाली त्यांचं आधी ठरतं. मूल रमलं की नाही, एवढंच मी बघते. हिने समोर आजोबा दिसत असताना त्यांनी सांगितलेलं खरं मानलं. ह्याच्यापेक्षा जास्त रमलेलं मूल मी बघितलेलं नाही. तुम्हाला पुढची जागा रिकामी झाली की मीच फोन करीन." मग मुलीला म्हणाल्या, "दोघांनाही सोमवारपासून आणा. तुमच्या घरातली दोन माणसं रुळलीत. तिसऱ्याला वेळ लागेल."

मुलीने एप्रनच्या वर हात नेऊन डोळे पुसले आणि इस्पितळात परत जायला उठली. जाताना माझ्या केसातलं एक पान काढून तिने खिशात टाकलं.

मीही निघालो. संचालिकांनी मला थांबवलं.

"तुम्ही कुठे चाललात?"

"घरी."

"घरी तुम्ही मघाशीच गेलात. मुलांना आता पुन्हा त्यांच्या खोल्यांत आणलंय, पडदे उघडलेत. तिची वाळूची पेटी ह्या खिडकीला लागून आहे आणि फाटकाकडे जायला दुसरी वाट नाही. तिने तुम्हाला जाताना बघितलं, तर सकाळी सांगितलेलं खोटं ठरेल. मग ती रोज शोधत बसेल."

"मग मी काय करू?"

"वाका," त्या म्हणाल्या.

मी वाकलो. त्या इमारतीच्या खिडक्या लहान मुलांसाठी केलेल्या, त्यामुळे फारच खालपर्यंत आलेल्या आहेत. वाकून भागेना, तेव्हा मी रांगायला लागलो. तक्क्याने आयुष्यात अजून जे केलं नव्हतं ते त्याचा आजोबा त्याच्याच पाळणाघराच्या अंगणात करत होता. डोक्यावर, खिडकीच्या आत, वाळूचा आवाज येत होता आणि न्यायाधीश कुणालातरी सांगत होत्या की बादली भरल्याशिवाय उठायचं नाही. पुढे पाहुण्या बाई फाटकापाशी थांबून मी पोचायची वाट बघत होत्या, कारण शेवटच्या माणसामागे फाटक ओढून घ्यायचं होतं. मी निम्म्या वाटेवर, तान्ह्यांच्या खोलीखाली आलो होतो. संस्था, पारख, पुढचं दार, मागची खिडकी ह्या सर्वांवर एखादा गंभीर लेख लिहावा असं मनात घोळत होतं, तेवढ्यात वरची खिडकी हळूच उघडली. त्याच तरुण ताई होत्या. त्यांनी मागे वळून एकदा खात्री करून घेतली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या:

"आजोबा, खाली आहातच तर तेवढा बाळाचा मोजा द्याल? तुमच्या हाताखालीच आहे."